रुखवतातली लढाई

सोयरिकीच्या बैठकीत हुंड्याचं नाव निघालं नाही, मानपानाचं निघालं नाही, सोनं तर कोणी ओठावरही आणलं नाही. आणि म्हणूनच मुलीचे वडील रामप्रसाद सावध झाले. इतकं गोड चाललं की शेवटी काहीतरी निघतंच, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. आणि निघालंच. नवरदेवाच्या आई, गंगाखेडच्या बायनाबाई, चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "आमचं काही मागणं न्हाई बगा. फक्त रुखवत पोरीच्या हातचं असावं. आमच्याकडच्या बाया लय चिकित्सक हायेत. दुकानातलं लगेच वळखतात."

बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम नवऱ्या मुलीच्या, प्रियदर्शनीच्या हातांकडं पाहिलं.

ते हात पुण्यातल्या एका कंपनीत दिवसभर कळफलकावर चालत. सुई त्यांना माहीत नव्हती. केशरबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, एका उन्हाळ्यात तिला क्रोशा शिकवायला घेतला होता; त्यातून जे काही निघालं ते पुढं गॅसची शेगडी पुसायला कामी आलं. कापसाचं हळदी-कुंकवाचं तबक, मण्यांचा मोर, लोकरीचं तोरण, यातलं काही तिच्या हातून होणं नव्हतं. पण ती शांतपणे म्हणाली, "करते की. हातचंच करते."

शब्द गेला. शब्दाचं असं असतं, की पेरलेल्या ज्वारीसारखा तो पुन्हा पिशवीत भरता येत नाही. उगवेल तसा कापायचा.

रामप्रसाद सेलूच्या कालव्याच्या ऑफिसात आरेखक होते. सारा जन्म त्यांनी कालव्यांचे, त्यांतून फुटणाऱ्या चाऱ्यांचे आणि पाणी सोडायच्या दरवाज्यांचे नकाशे काढले. कुठलीही बांधलेली वस्तू दिसली की पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा साडूच्या वास्तुशांतीत सगळे जेवायला बसले तरी हे न्हाणीघरात उतार तपासत होते. स्वभावाला औषध नसतं. पुढं जे रामायण झालं त्याचं मूळ या स्वभावात होतं, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दिवाळीला प्रियदर्शनी आली ती खोक्यांवर खोकी घेऊन. बैठकीतल्या दिवाणावरची गादी काढून तिनं फळी रिकामी केली आणि मांडी घालून बसली. खोक्यांत रंगीत ठोकळे होते. लहान मुलं एकावर एक बसवतात तसले, पण कितीतरी बारीक. ठोकळ्यावर दाणे, दाण्यावर ठोकळा. भाऊबीज झाली, पाव्हणे गेले, चिवडा संपत आला, आणि दिवाणावर एक गड उभा राहिला.

गड म्हणजे आपल्याकडचा नव्हे. त्याचे बुरुज निमुळते, डोक्यावर टोकदार टोप्या घातलेले. दार साखळीनं वर ओढायचं. दाराबाहेर निळ्या चपट्या ठोकळ्यांचा खंदक. गडात शिबंदी, सज्जात एक बाईमाणूस, आणि बाहेर काळ्या चिलखतांची फौज शिड्या लावून चढायला निघालेली. फौजेच्या मागं दगड फेकायची एक लाकडी गाडी. आणि सगळ्यांत उंच बुरुजावर पंख पसरून, तोंडातून केशरी जाळ काढत बसलेलं एक हिरवं जनावर.

"हे काय गं?" केशरबाईंनी विचारलं.

प्रियदर्शनीनं सांगितलं, हा ड्रॅगन. केशरबाईंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि त्याला पंख फुटलेली घोरपड असं नाव देऊन टाकलं. ते नाव त्याला शेवटपर्यंत चिकटलं.

रामप्रसाद मात्र गडाजवळून हलेनात. आपली लेक एवढं बांधू शकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी विचारलं, हे खोक्यावरच्या चित्रात बघून केलं का. ती म्हणाली, नाही, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत गेले, हे माझ्या डोक्यातलं आहे. त्यांनी काळजीनं विचारलं, डोक्यात लढाई कशाला. ती हसली आणि म्हणाली, "बाकी सगळं फार शांत असतं ना पप्पा, म्हणून."

मग ती पुण्याला परत गेली. जाताना गाडीत चढता चढता एकच सांगून गेली: लग्नापर्यंत कुणी हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

आता, फक्त बघणं हे तुम्हाआम्हाला सोपं. रामप्रसाद ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी दिवाणासमोर बसत. चष्मा वर करून बघत, चष्मा खाली करून बघत. बुरुजाच्या आत जिना आहे का? आहे. जिन्यावर दिवटी आहे का? आहे. दिवटीच्या शेजारी एक शिपाई झोप काढतोय, हे त्यांना कळलं त्या दिवशी ते जेवताना आपल्याशीच हसले. केशरबाईंनी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, पहारेकरी झोपलाय. केशरबाईंनी ताटात भाकरी वाढली.

कापसाचा हंगाम होता. सेलूत त्या दिवसांत हवेत तंतू तरंगतात. सरकी काढायच्या जिनिंगच्या बाजूनं वारा आला की दोरीवरच्या कपड्यांना मिशा फुटतात. गडावरही पांढरी लव धरली. ती फुंकायला रामप्रसाद वाकले आणि एक शिपाई तटावरून खाली पडला. त्यांनी तो चिमट्यानं उचलून जागेवर ठेवला. हात लावला असं काही याला म्हणता येणार नाही, चिमटा लावला होता, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सरकारी नोकरीत फरक असा बारीक करावा लागतो.

बातमी वसाहतीत गेली. शेजारच्या नर्मदाकाकू बघायला आल्या. लग्नकार्यातला शास्त्रार्थ वसाहतीत त्यांच्याकडं असे. हळदीच्या आधी काय आणि नंतर काय याचे निवाडे त्या उंबऱ्यात उभ्या राहून देत. त्यांनी गड पाहिला, शिपायांचे पिवळे चेहरे पाहिले आणि समाधानानं म्हणाल्या, सगळ्यांना हळद लागलीय, चांगलं झालं. मग त्यांची नजर बाहेरच्या फौजेवर गेली आणि चेहरा उतरला.

"केशर, आगं काळं हाय की हे सगळं. रुखवतात काळं मांडतेत का कुटं?"

केशरबाई वाकून बघायला लागल्या. एवढे दिवस डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. लग्नात काळी बांगडी चालत नाही, पत्रिकेला काळी शाई चालत नाही, आणि इथं तर अख्खी फौजच काळी. रामप्रसादांनी दबक्या आवाजात सांगून पाहिलं, की हल्ला करणारे काळेच असतात बहुधा. केशरबाई म्हणाल्या, मग हल्ला पाहिजेच कशाला.

लेकीला फोन लावला तर ती कामाच्या बैठकीत होती. नंतर बोलते म्हणाली. नर्मदाकाकूंना मात्र नंतर ही वेळच माहीत नव्हती. त्यांनी वाटीत हळद कालवून आणली. प्लॅस्टिकवर हळद काही धरेना. शिपाई काळेच राहिले, नुसते आजारी दिसायला लागले. शेवटी केशरबाईंनी ब्लाऊजच्या उरल्यासुरल्या पिवळ्या कापडाच्या चिंध्या काढल्या आणि दोघींनी दुपारभर बसून एकेका शिपायाला फेटा बांधला, छातीवरून उपरणं घेतलं. काळं झाकलं. संध्याकाळी रामप्रसाद घरी आले तर गडाला वऱ्हाडानं वेढा घातलेला. सगळ्यात पुढं पांढऱ्या घोड्यावरचा सरदार. त्याला केशरबाईंनी जावई ठरवून जरीचा तुरा लावला होता.

हे पाहून रामप्रसादांना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना मोकळं वाटलं. हात लावायचा नाही हा हुकूम आता मोडलाच होता, आणि तोही दुसऱ्यांनी. मग त्यांच्या मनात कितीतरी दिवस दडून बसलेली गोष्ट वर आली. तो खंदक.

निळा ठोकळा म्हणजे पाणी, हे कागदावर ठीक आहे. पण ज्या माणसानं जन्मभर पाण्याचे नकाशे काढले, त्याच्या लेकीच्या गडाभोवती कोरडा खंदक? गंगाखेडला गोदावरीकाठची माणसं येणार बघायला. ती काय म्हणतील? रामप्रसादांनी नळाच्या सांध्याला लावायचा लेप आणला, खंदकाच्या कडांनी आणि तळाशी लावला, वाळू दिला, नियमाप्रमाणं आणखी एक थर दिला, आणि रविवारी सकाळी पूजेच्या तांब्यानं पाणी सोडलं.

काय दिसलं ते. बुरुज पाण्यात उतरले, घोरपडीचे पंख उलटे हलायला लागले, सज्जातल्या बाईचं तोंड पाण्यात हललं. रामप्रसाद हात मागं बांधून उभे राहिले. असे ते साहेब लोकांच्या पाहणीच्या वेळी उभे राहत. पाणी मात्र हळूहळू कमी व्हायला लागलं. बाष्पीभवन असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी आणखी एक तांब्या सोडला. तोही बाष्पीभवन झाला. तिसऱ्या तांब्याच्या वेळी केशरबाई दिवाणाखाली काहीतरी काढायला वाकल्या आणि त्यांनी ओला, लाल झालेला हात बाहेर काढला. दिवाणाखाली लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते.

पाणी गळतं तेव्हा नेमकं जिथं नको तिथं पोचतं, हे त्यांनी ऑफिसात कितीदा ऐकलं होतं. पण त्या वेळी ते नकाशाच्या या बाजूला असत. पत्रिकांचा लाल रंग गणपतीच्या सोंडेवरून उतरून वराच्या वडिलांच्या नावापर्यंत आला होता. वसाहतीतल्या झाडून सगळ्या दोऱ्यांवर चिमटे लावून पत्रिका वाळत घातल्या. येणारा-जाणारा थांबून वाचे आणि वाचून झाल्यावर रामप्रसादांना विचारे, की घरात पाणी कसं शिरलं, तुमी तर कालव्यात हाय ना? नर्मदाकाकूंनी निवाडा दिला की लाल रंग पसरला ते शुभच झालं. पत्रिका वाळल्या त्या पापडासारख्या. तशाच वाटल्या.

त्या रात्री प्रियदर्शनीचा फोन आला तेव्हा रामप्रसादांनी सगळं खरं सांगितलं. फेटे, हळद, पाणी. मग तिनं एवढंच विचारलं, "गड उभा आहे ना पप्पा?" ते म्हणाले, उभा आहे. ती म्हणाली, मग मांडवात तसाच पोचवा. मी सासूबाईंना शब्द दिलाय.

आता हा शब्द रामप्रसादांच्या गळ्यात आला.

सेलूहून गंगाखेड. मध्ये परभणी, मध्ये खड्डे, मध्ये गावागणिक गतिरोधक. काहींनी रेल्वे सुचवली, पण परभणीला गाडी बदलताना गड कोण आणि कसा बदलणार? एसटीच्या वाहकाला सहज विचारलं तर त्यानं आधी हे जनावर जिवंत आहे का ते विचारलं. शेवटी गाद्या आणि भांडी नेणाऱ्या टेम्पोतच गड न्यायचं ठरलं. आणि तो हलू नये म्हणून जिनिंगवर काम करणारे बजरंगराव, त्याच वसाहतीतले, स्वतःहून पुढं आले.

बजरंगराव म्हणाले, यात काय विचार करायचा. काचेच्या बरण्या, आरसे, एकदा तर तान्ह्या पोराचा पाळणा, सगळं आम्ही रुईत घालून पाठवलंय, कशालाही तडा गेला नाही. सेलूच्या माणसाला रुईवर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या आईच्या स्वयंपाकावर संशय घेणं. रामप्रसादांनी संशय घेतला नाही. बजरंगरावांनी दोन पोती सरकी काढलेली ताजी रुई आणली आणि गडात भरली. बुरुजात भरली, जिन्यात भरली, झोपलेल्या पहारेकऱ्यावर दुलई घातल्यासारखी घातली. खंदक रुईनं तुडुंब झाला. पाणी ठरलं नाही तिथं कापूस ठरला. गड दिसेनासा झाला. वर दोन झेंडे आणि घोरपडीचं डोकं, एवढंच राहिलं.

टेम्पो निघाला. रामप्रसाद पुढं न बसता मागं गाद्यांवर, गडाला हात लावून बसले. गाडीला गचका बसला की ते गडाऐवजी स्वतः हलत होते. परभणी ओलांडली आणि त्यांना वाटायला लागलं, की आपण पोचतो आता.

पण निवडणुकीचे दिवस होते. रस्त्यात आचारसंहितेचं पथक उभं होतं, मांडव घालून, खुर्च्या टाकून, सोबत एक कॅमेरावाला. त्यांनी टेम्पोचं मागचं फळकं खाली घेतलं आणि गाद्यांवर कापसाच्या ढिगाला कवटाळून बसलेला एक पोक्त माणूस त्यांना दिसला. ढिगातून दोन झेंडे बाहेर आलेले. एक लाल, त्यावर सिंह. एक निळा, त्यावर पक्षी.

पथकाचे साहेब सज्जन होते. त्यांनी नम्रपणे विचारलं, हे झेंडे कोणाचे. रामप्रसाद म्हणाले, एक आतल्यांचा, एक बाहेरच्यांचा. साहेबांनी विचारलं, चिन्ह अधिकृत आहे का. रामप्रसादांनी झेंड्यांवर हात धरला. ते सरकारी नोकर. निवडणुकीच्या दिवसांत सिंह घेऊन फिरताना सापडले, तर उद्या ऑफिसात काय तोंड दाखवणार? ते म्हणाले, साहेब, हे रुखवत आहे. साहेबांनी आपलं लग्न आठवून पाहिलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, रुखवतात झेंडे असतात का.

कॅमेरावाल्यानं घोरपडीचा फोटो सर्व बाजूंनी घेतला. सगळी मंडळी टेम्पोभोवती जमली. चौकशी संपली होती, कुतूहल चालू होतं. साहेब चष्मा वर करून बघत होते, चष्मा खाली करून बघत होते, आणि रामप्रसादांना त्यांच्यात स्वतःचं रूप दिसून मोठी आपुलकी वाटली. नियमाप्रमाणं दोन्ही झेंड्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा, एवढंच ठरलं. त्या दिवसांत पाट्या झाकत होते, कोनशिला झाकत होते, तसेच झेंडे झाकले. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी आत पैसे आहेत असं म्हणालं नव्हतं. पण प्रामाणिक माणसाला संशयापेक्षा संशयाची शक्यता जास्त लागते. रामप्रसाद ताडकन उठले, म्हणाले, नाही साहेब, आत बघूनच घ्या, उद्या कोणी काही म्हणायला नको. आणि त्यांनी मोठ्या बुरुजाला दोन्ही हातांनी धरून तो वर उचलला.

बुरुज आला. त्याच्यासोबत तटबंदी आली, सज्जा आला, जिना आला. कापसानं सगळ्यांना एकमेकांत गुंतवलं होतं. क्षणभर अर्धा गड हवेत तरंगला आणि मग तो खाली आला, उरलेल्या अर्ध्याला सोबत घेऊन, आवाज न करता, कारण खाली रुई होती.

साहेबांनी टोपी काढली. टेम्पोवाल्यानंही काढली.

गंगाखेडच्या मंगल कार्यालयात रुखवताच्या टेबलावर केशरबाईंनी अनारसे, करंज्या, साखरेचे हत्ती, सगळं मांडलं होतं. मधली जागा मोकळी होती. त्या जागेवर रामप्रसादांनी तीन घमेली आणून ठेवली आणि वरून चादर घातली. बाहेर सनई वाजत होती. लग्नाचा मुहूर्त जवळ आला होता आणि वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला निघाल्याचा निरोप आला. रामप्रसाद खांबाला टेकून उभे राहिले. खाल्ल्या मिठाला जागायची वेळ आयुष्यात पुष्कळदा आली होती. दिल्या शब्दाला जागायची आज होती, आणि तो शब्द घमेल्यात पडला होता.

वेळ काढायला म्हणून नर्मदाकाकूंनी गळा काढला:

"लेक माझी गुणाची, तिनं बांधला हो गड,
ईनबाई या चढून, वाट हाय अवघड."

बायनाबाई पुढं झाल्या, चादरीचं टोक धरून त्यांनी ती उचलली. खाली कापूस. कापसात पाय, घोडे, भिंतीचे तुकडे. त्यांनी ढिगाकडं पाहिलं, रामप्रसादांकडं पाहिलं.

"इवाई, गादी भरायची हाय का?"

मागून तानुबाईंनी, नवरदेवाच्या आत्यानं, लगेच सूर धरला. या तानुबाईंच्या जिभेला गंगाखेडात सगळे बिचकून असत:

"गड म्हणता म्हणता बाई निघाला की कापूस,
लेकीच्या बापाला पुसा, कुणी केली नासधूस."

बायका हसल्या. तेवढ्यात पिवळ्या साडीत, कपाळावर मुंडावळ्या बांधलेली प्रियदर्शनी आतून आली. तिनं घमेली पाहिली. बापाकडं वळून म्हणाली, "फक्त बघायला सांगितलं होतं, पप्पा." रागावून नाही, रोजचं काही सांगावं तसं. मग तिनं हातातला चुडा कोपराकडं सारला, टेबलाखालची सतरंजी पुढं ओढली आणि सगळ्यांच्या देखत मांडी घालून बसली.

घमेल्यात हात घालून तिनं एक ठोकळा काढला, दुसऱ्यावर ठेवून दाबला. तो बसेना. पुन्हा दाबला. बसेना. ठोकळ्यांच्या दाण्यादाण्यात रुईचे तंतू अडकले होते. बजरंगरावांची रुई एकदा बसली की निघत नसते. प्रियदर्शनीच्या कपाळावर घामाचे थेंब आले. तानुबाई दुसरं कडवं जुळवायला लागल्या होत्या.

बायनाबाईंनी वाकून एक ठोकळा उचलला. डोळ्यांजवळ धरला. अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या टोकानं तंतू ओढून काढला, ठोकळा फुंकला आणि सुनेच्या हातात दिला. प्रियदर्शनीनं तो बसवला. टक् असा आवाज झाला. ऐकायला किती गोड, ज्वारीचं कणीस पहिल्यांदा दाताखाली फुटावं तसा.

"बसा गं," बायनाबाई मागच्या बायकांना म्हणाल्या. "सरकी न्हाई काढायची, नुसता कापूस येचायचा हाय."

त्या बसल्या. सेलूकडच्या बसल्या, गंगाखेडच्या बसल्या. कुणाच्या हातात आकडा, कुणाच्या हातात टाचणी. ठोकळे स्वच्छ होऊन येत होते आणि प्रियदर्शनीचे हात चालत होते. ती बघत नव्हती. कुठला ठोकळा कुठं जातो हे बोटांना ठाऊक होतं. जात्यावर ओवी येते तशी भिंत येत होती, एकामागून एक ओळ. तट उभा राहिला, जिना वर गेला. खंदकाशी आल्यावर तिनं वाळलेल्या लेपाची खपली नखानं काढली आणि बापाकडं न बघताच हसली. भटजी दोनदा आत डोकावून मुहूर्ताचं सांगून गेले. गोपाळ, म्हणजे नवरदेव, मारुतीच्या दर्शनाहून परतला तो बायकोऐवजी बायकांची गर्दी बघून दारातच थांबला. कोणीतरी त्याच्या हातात दगड फेकायची गाडी देऊन साफ करायला सांगितलं, आणि तो बाशिंग सांभाळत तिथंच उकिडवा बसला.

बायनाबाई गड बघतच नव्हत्या. त्या बोटं बघत होत्या.

मोठा बुरुज चढला तेव्हा त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन. मागं वळून म्हणाल्या, "हातचं हाय." बस्. तानुबाईंचं कडवं घशातच राहिलं. केशरबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. रामप्रसादांचा खांबावरचा हात सुटला. आपण खांब धरून उभे होतो हे त्यांना तेव्हा कळलं.

पण कुतूहल अजून फिटलं नव्हतं. बायनाबाईंनी लढाई नीट पाहिली. बाहेरच्या फौजेच्या पिवळ्या फेट्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, हे तर आमचं वऱ्हाड, दिसायलंच, गोफण घेऊन आलेलं. पुढं घोड्यावर आमचा गोपाळ. अन् आत दार लावून बसलेले तुमी. सेलूच्या बायका चुळबुळल्या. यात मान कुणाचा आणि अपमान कुणाचा हे पटकन ठरेना. मग बायनाबाईंचं बोट वर गेलं, थेट उंच बुरुजाच्या टोकाला.

"अन् ही पंखाची घोरपड कोण?"

वरपक्षाच्या दोन बायकांनी नकळत तानुबाईंकडं पाहिलं. तानुबाईंनी ते पाहिलं. त्या पदर खोचून सावकाश उभ्या राहायला लागल्या, आणि ज्यांना ज्यांना त्यांचा स्वभाव माहीत होता त्यांना कळलं, की हे लग्न आता घोरपडीवर मोडतंय. प्रियदर्शनीचा हात घमेल्यात थांबला.

रामप्रसाद पुढं आले. माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. ते नकाशावर बोट ठेवणारे गृहस्थ.

"ते मी हाय, ईनबाई," ते म्हणाले. "लेक आत हाय ना. म्हणून वर बसलोय."

तानुबाई खाली बसल्या. कुणी हसलं नाही. बायनाबाईंनी त्या हिरव्या जनावराकडं पाहिलं आणि मग रामप्रसादांकडं. पुढं होऊन त्यांनी दोन बोटांनी ते बुरुजावरून उचललं, पंखाला चिकटलेला एक तंतू काढला आणि रामप्रसादांच्या तळहातावर ठेवलं.

"मग इवाई, उतरा आता खाली. मुहूर्त चाललाय."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला गेला. रामप्रसादांच्या एका हातात अक्षता होत्या आणि दुसऱ्या हातात ते. दर सावधानला सगळ्यांचे हात वर जात, त्यांचाही जाई, आणि गोंधळून कधी हा हात जाई तर कधी तो. मग घोरपडच मांडवात उडून जाते की काय असं मागच्यांना वाटे. अंतरपाट दूर झाला. मागून पडलेल्या अक्षता थोड्या नवरानवरीवर पडल्या, बऱ्याचशा रामप्रसादांच्या डोक्यावर, आणि चार दाणे त्या पसरलेल्या पंखांत अडकले. केशरबाईंनी डोळे पुसता पुसता खुणेनं सांगितलं, ठेवा की आता ते खाली. त्यांनी मान हलवली. पण कुठं ठेवायचं, हे काही त्यांना सुचेना.